पाटकऱ्याची पाळी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मॅस्टोडॉनवर, म्हणजे एका मालकाऐवजी अनेक लहान सर्व्हरांनी मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर, आमचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिनची नोंद वाचली. सर्व्हर तीन महिन्यांनी बंद होतोय, तोवर सगळ्यांनी आपापली सोय पाहावी. कारणं दोन ओळींत होती : घरात तान्हं बाळ आहे, नोकरी बदलली आहे, आणि मध्यरात्री डिस्क भरल्याचा इशारा आला की आता उठवत नाही. शेवटी लिहिलं होतं, मला माफ करा. खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या, लाइट मघाशीच जाऊन आली होती, आणि मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचत बसले. सर्व्हर बंद होण्याचं वाईट वाटलंच, पण मनाला लागून राहिली ती माफी. या माणसाला मी कधी भेटलेले नाही. तो जर्मनीतल्या कुठल्याशा लहान गावात राहतो, एवढंच माहीत. इतकी वर्षं त्यानं माझ्यासारख्या कित्येक अनोळखी लोकांचं लिखाण, फोटो, रुसवेफुगवे सांभाळले. जाहिरात दाखवली नाही, कुणाची माहिती विकली नाही. आणि थकल्यावर तोच हात जोडून उभा होता. त्याच्यावर ही वेळ का यावी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मग सामान हलवायला बसले. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. नवा पत्ता दिला की तुम्हाला फॉलो करणारी माणसं आपसूक त्या पत्त्याशी जोडली जातात. स्क्रीनवर तो आकडा हळूहळू वाढताना पाहिला तेव्हा खरंच भरून आलं. मोठ्या कंपन्यांच्या घरातून निघायचं तर नेसत्या वस्त्रानिशी निघावं लागतं. दहा वर्षांत जोडलेली माणसं तिथंच राहतात, म्हणून आपणही तिथंच राहतो. इथं माणसं सोबत आली. लिहिलेलं मात्र आलं नाही. जुन्या नोंदी जुन्या सर्व्हरवरच राहतात आणि तो बंद झाला की त्याच्याबरोबर जातात. त्यांची एक फाइल तेवढी उतरवून घेता येते. ती उघडली, तर कंस आणि अवतरणचिन्हांच्या गर्दीत आईच्या आजारपणातल्या माझ्या रात्री सापडल्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून लिहिलेल्या चार-चार ओळी. त्यांना फिनलंडच्या एका बाईनं आणि सांगलीच्या एका मुलानं उत्तरं दिली होती, ती त्यांच्या त्यांच्या सर्व्हरवर. माझ्या फाइलमध्ये फक्त मीच बोलत होते.

आम्ही बरेच जण मॅस्टोडॉनवर गेलो ते २०१९च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं आधी १९३६ सालच्या एका जर्मन छायाचित्रावरून आणि मग एका कवितेवरून बंद केलं गेलं. त्या छायाचित्रात नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. ते चित्र लावणाऱ्याला दार बंद होतं, याचा राग देशभर उसळला आणि हजारो भारतीय खाती मॅस्टोडॉनवर उघडली गेली. त्या आठवड्यातली हवा अजून आठवते. नव्या गावात पाऊल ठेवल्यासारखे सगळे एकमेकांना विचारत होते, तुम्ही कुठल्या सर्व्हरवर, मराठी कुणी आहे का, हे बूस्ट म्हणजे काय. नोंदी काळाच्या क्रमानं यायच्या. कुणाचं म्हणणं वर ढकलायचं आणि कुणाचं दाबायचं हे ठरवणारं यंत्र मध्ये नव्हतं. महिन्याभरात बहुतेक जण परतले, कारण वाचणारे ट्विटरवर होते, बातमी ट्विटरवर होती. मी राहिले. मराठीत लिहावं आणि आठवडाभरानं कुणीतरी ‘वाचलं’ एवढंच म्हणावं, ही गती मला मानवली. एकटंही वाटायचं. दोन्ही खरं.

त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आली. पितृपक्ष संपत आला होता, सर्वपित्रीला दोनच दिवस होते, आणि नात्यागोत्यात कोण कुणाकडे जेवायला येणार याची बोलणी कौटुंबिक ग्रुपवर चालू होती. नऊच्या सुमारास सगळं थांबलं. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, तिन्ही एकदम. नाशिकच्या मावशीनं शेवटी साधा फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलली, “अगं, सगळे बरे आहेत ना?” झालं होतं एवढंच, की देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं फेसबुकची स्वतःची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली आणि फेसबुकपर्यंत पोचायचं कसं हे जगाला सांगणाऱ्या त्यांच्या वाटाच पुसल्या गेल्या. दुरुस्तीला धावलेल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या इमारतींत शिरणं अवघड झालं. जवळपास सहा तास जगाच्या मोठ्या भागाचं बोलणं एका कंपनीच्या एका चुकीपाशी अडकून पडलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल बॅरन या अभियंत्यानं अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत बसून निरोपांच्या जाळ्याची कल्पना मांडली होती, ती नेमकी याच्या उलट. एक गाठ तुटली तरी निरोप दुसऱ्या वाटेनं जावा, म्हणून मधलं केंद्रच नको. तारा आणि राउटर आजही बऱ्याच अंशी तसेच चालतात. त्यांच्यावर आपण जी घरं बांधली, ती मात्र चार-दोन मालकांच्या जागेत.

केंद्र नको म्हणजे प्रत्येकानं मनाला येईल तसं करावं, असंही नाही. मराठी इंटरनेटच्या सुरुवातीला आपण ते भोगलेलं आहे. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट निराळा. कुठे शिवाजी, कुठे कृतिदेव, कुठे आणखी काही. तो उतरवून घेतल्याशिवाय पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसायचा. एका संकेतस्थळावरची कविता उचलून मैत्रिणीला पाठवावी तर तिकडे पोचेपर्यंत तिची दशा व्हायची. शोधायला गेलं तर काही सापडायचं नाही. सगळे स्वतंत्र होते आणि एकाचं दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. युनिकोडनं ते सोडवलं. ‘अ’ला सगळ्यांनी एकच क्रमांक द्यायचा, एवढ्या साध्या कबुलीवर आज मी हे लिहिते आहे आणि तुम्ही कुठल्याही फोनवर वाचता आहात. त्या क्रमांकावर कुणाची मालकी नाही. कबुली सामायिक, घर आपलं. ईमेलही तसंच, १९८२ साली ठरलेल्या नियमांवर चालत आलेलं, कुणाच्याही पत्त्यावरून कुणाच्याही पत्त्यावर जाणारं.

पण ईमेलकडे पाहिलं की काळजीही वाटते. नियम खुले राहिले आणि तरी आपल्या ओळखीतल्या बहुतेकांचे पत्ते दोन-तीन कंपन्यांकडे जमा झाले. कुणी जबरदस्ती केली नाही. स्पॅम गाळायचं काम कठीण, ते मोठ्यांना चांगलं जमतं, म्हणून लोक तिकडे गेले. लोक तिकडे गेले म्हणून लहान सर्व्हरवरून आलेलं पत्र संशयित ठरू लागलं. गूगल टॉकचं तर डोळ्यांदेखत झालं. २००५ साली ते आलं तेव्हा जॅबर या खुल्या पद्धतीवर उभं होतं, पुढे बाहेरच्या सर्व्हरवरच्या माणसांशीही बोलू लागलं. कॉलेजातल्या एका मित्राचा स्वतःचा सर्व्हर होता, तो आणि मी त्या वाटेनं तासन्‌तास गप्पा मारायचो. २०१३मध्ये गूगलनं त्याच्या जागी हँगआउट्स आणलं आणि बाहेर बोलण्याची ती सोय त्यात ठेवली नाही. मित्राचा सर्व्हर चालूच होता. पलीकडे आम्ही कुणी उरलो नव्हतो.

या सगळ्याचा विचार करताना मला सारखे आबा आठवतात. माझं आजोळ धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथं तीनशे वर्षांहून जुनी फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या सगळ्या शिवाराचे मिळून मोजके फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात त्या हंगामाला एकच पीक. कुठल्या फडात काय घ्यायचं ते गाव मिळून ठरवणार. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असत, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर थोडी झळ प्रत्येकाला बसे, एकट्याचं घर बुडत नसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या शेताला पाणी आपण द्यायचं नाही. ते पाटकरी देणार. राखणीला जागल्या. दोघांचा मोबदला गावानं धान्यात द्यायचा. आबा सांगत, पाटकरी हाच गावातला खरा मोठा माणूस, कारण सख्ख्या भावाच्या शेतात त्यानं घटकाभर जास्त पाणी सोडलं तर दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्या गावासमोर उत्तर द्यावं लागे. लहानपणी एकदा आबांबरोबर रात्री पाटावर गेले होते. कंदिलाच्या उजेडात पाणी काळंभोर दिसत होतं, पायाखालचा चिखल बर्फासारखा गार होता, आणि पाटकरी फावड्यानं माती ओढून एक दार बंद करून दुसरं उघडत होता. गाव झोपलेलं होतं. गव्हाला पाणी मिळत होतं.

फड मोडला कशानं, तर वरच्या अंगाला झालेल्या धरणांनी एक भाग. पण आबांना जास्त सल होता तो विहिरींचा. वीज आली, मोटारी आल्या, ज्याला परवडेल त्यानं स्वतःची विहीर खणली. मग पाटाचा गाळ काढायला माणसं येईनात. पाटकऱ्याला धान्य द्यायला लोक कुरकुरू लागले, कारण त्यांचं पाणी त्यांच्या बांधावर होतं. शेजाऱ्यापेक्षा दहा फूट खोल, मग त्याच्यापेक्षा वीस फूट. ज्यांच्याकडे विहिरीचे पैसे नव्हते त्यांचा आधार तुटला, आणि ज्यांच्याकडे होते त्यांचंही पाणी उन्हाळ्यात तळाला जायला लागलं.

धरण आणि विहीर यांच्या मधली ती जागा आपण घालवली.

विकेंद्रित इंटरनेटची स्वप्नं ऐकते तेव्हा त्यांतली बरीचशी मला विहिरीची वाटतात. आपली माहिती आपल्या यंत्रावर, आपली किल्ली आपल्या खिशात, कुणावर विश्वास ठेवायची गरजच नको. काही वर्षांपूर्वी वेब थ्रीच्या नावानं याच स्वप्नाचा बाजार भरला होता. तेव्हा, जानेवारी २०२२मध्ये, सिग्नल हे मेसेजिंग ॲप उभं करणाऱ्या मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी एक साधा प्रयोग करून दाखवला. त्यांनी एक एनएफटी बनवला, म्हणजे ब्लॉकचेनवर, अनेक यंत्रांनी मिळून राखलेल्या सामायिक नोंदवहीत, मालकीची कायमची नोंद असलेलं चित्र. एका मोठ्या बाजारपेठेनं तो आपल्या यादीतून काढला, तर तो त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमधूनही, म्हणजे अशी मालमत्ता ठेवायच्या ॲपमधूनही, दिसेनासा झाला. नोंद ब्लॉकचेनवर जिथल्या तिथं होती, पण वॉलेट ती पाहायला त्या बाजारपेठेकडेच विचारणा करत होतं. मालकी सगळ्यांची, खिडकी एकाची. लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवायचे नसतात आणि पुढेही चालवायचे नसणार, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मी बराच वेळ गप्प होते, कारण ते खरं आहे. पण आबांच्या गावातल्या कुणालाही रात्री दोनला पाटावर जायची हौस नव्हती. म्हणूनच तर त्यांनी पाटकरी ठेवला. मालकाच्या स्वाधीन होणं आणि एकट्यानं सगळं करणं, याखेरीज तिसरी रीत माणसांना शतकानुशतकं माहीत होती. तिची किंमत धान्यात मोजली जायची, आणि ती मोजली जात होती तोवर रीत टिकली.

मॅस्टोडॉनसारखी जाळी या तिसऱ्या रीतीच्या सगळ्यात जवळ जातात असं मला वाटतं, आणि त्यांच्या अडचणीही तिथंच आहेत. हजारो लहान सर्व्हर, एकमेकांशी बोलणारे, प्रत्येकाचे नियम त्याचे. २०१९च्या जुलैत गॅब हे द्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेलं जाळं मॅस्टोडॉनचाच खुला कोड घेऊन याच कुटुंबात आलं. त्याला बाहेर काढणारा कुणी मालक नव्हता. एकामागून एक सर्व्हरांनी आपलं दार लावून घेतलं, काही ॲप बनवणाऱ्यांनीही, आणि गॅब एका कोपऱ्यात एकटं पडलं. ते वाचताना मला आनंद झाला होता. पण २०२३ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी दाखवलं, की याच लहान सर्व्हरांवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्यही फिरतं आहे, आणि ते ओळखून हटवण्याची साधनं बहुतेक ॲडमिनांकडे नाहीत. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी यंत्रणा असते, वकील असतात, तीन पाळ्यांत काम करणारी माणसं असतात. इथं एखादा शिक्षक किंवा परिचारिका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर रिपोर्ट उघडून बसते आणि जे बघू नये ते बघते. त्या बघण्याचं ओझं कुणाच्या हिशेबात धरलेलं नसतं.

आणि पायाखालची जमीनही पूर्ण आपली नसते. क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे लोकांचा क्वीअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. इंग्रजीत ‘एएफ’ला रस्त्यावरच्या बोलीत गमतीचा अर्थ आहे, म्हणून तो पत्ता घेतलेला, पण ‘डॉट एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन, म्हणजे त्या देशाच्या ताब्यातलं पत्त्याचं शेपूट. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या तालिबान सरकारच्या खात्यानं तो पत्ता काढून घेतला. यंत्र कुठं होतं, माणसं कुठं होती, याचा काही संबंध नव्हता. नावांचा दफ्तरदार काबूलमध्ये होता.

आपल्याकडेही एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. २०२३च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप बंद केली. त्यांत एलिमेंट होतं आणि ब्रायर होतं. एलिमेंट हे मॅट्रिक्स नावाच्या खुल्या जाळ्यात शिरायचं एक दार. त्याच जाळ्याला इतर कितीतरी दारं आहेत. ब्रायर तर इंटरनेट नसताना जवळच्या फोनांतून ब्लूटूथ, वायफायवर निरोप पोचवतं. ज्या खोऱ्यात ५ ऑगस्ट २०१९पासून महिनोन्‌महिने इंटरनेट बंद होतं, मुलांना परीक्षेचे फॉर्म भरता येत नव्हते, तिथल्या आईला असं काही हाताशी असावं असं मला मनापासून वाटतं. तेच साधन हत्यारबंद माणसाच्या खिशात असेल याची भीतीही मला वाटते. दार बंद करणारा कुणी मधे नसणं हे वरदान आणि तीच अडचण; त्यातली एक बाजू कापून वेगळी काढता येईल असा तोडगा मला कुठं दिसलेला नाही. मी तरी झुकते ती त्या आईच्या बाजूनं. कारण बंदीचा फटका तिला रोज बसतो.

मी आता ज्या सर्व्हरवर आले आहे तो एका सहकारी गटाचा आहे. सभासद दरमहा वर्गणी भरतात, ती परवडत नसेल तर कमी देता येते, आणि यंत्र सांभाळणाऱ्या दोघींना त्यातून मानधन मिळतं. फार नाही, पण दर महिन्याला, आणि त्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात दुसरं कोण हे आधी ठरलेलं असतं. जमाखर्च सगळ्यांना दिसतो. निर्णय चर्चेनं होतात, आणि चर्चा लांबतात. एखाद्या नियमाच्या एका शब्दावर तीन आठवडे बोलणं चालतं, तेव्हा जीव कंटाळतो. मराठी आणि हिंदीतल्या तक्रारी मी बघते, कारण गटात देवनागरी वाचणारं दुसरं कुणी नाही. हे काम घेतल्यापासून कळतंय की आईबहिणीवरून दिलेली शिवी कुठलंही यंत्र पकडेल, पण एखाद्या आडनावावर दिलेला जोर, ‘तुमच्यासारख्यांना’ हा एक शब्द, जयंतीच्या दिवशी मुद्दाम टाकलेला एखादा फोटो, यांतलं विष या मातीतल्या माणसालाच दिसतं. मोठ्या कंपनीकडे मी अशाच नोंदींच्या तक्रारी केल्या होत्या. उत्तर दर वेळी एकच आलं, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

सध्या माझ्यासमोर एका शेजारच्या सर्व्हरचं प्रकरण आहे. तिथला एक जण आमच्या एका सभासदाला जातीवरून सतत टोमणे मारतो. तिथल्या ॲडमिनला लिहिलं, त्यानं भाषा कळत नाही म्हणून पुरावे मागितले, मी एकेक नोंद उलगडून पाठवली, आता तो उत्तर देत नाही. गटात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात त्या सर्व्हरशी संबंधच तोडावा. पण तिथं चाळीसेक मराठी माणसं आहेत, त्यांतल्या कित्येकांशी आमच्या लोकांचं रोजचं बोलणं आहे. तोडलं तर तेही तुटेल, आणि त्यांचा काही दोष नाही. ज्या मुलाला त्रास झाला त्याला मी फोन केला. तो म्हणाला, “ताई, मला त्या एका माणसाचं तोंड बंद करून हवंय, बाकीच्यांशी माझं भांडण नाही. पण तुम्ही काहीच केलं नाहीत तर मी इथून जाईन.” मी पर्याय लिहून ठेवला आहे : त्या ॲडमिनला आणखी एक आठवडा द्यायचा, तोवर त्या सर्व्हरच्या नोंदी फक्त त्यांना फॉलो करणाऱ्यांना दिसतील असं करायचं, आणि आठवड्यानंतरही तो गप्प राहिला तर तोडायचं. मत द्यायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. आत्तापर्यंत सात जणांनी दिलं आहे, निर्णयाला पंधरा लागतात. उरलेल्यांना मी आज एकेकाला लिहिते आहे.